छपराखाली: मांडव, मचाण आणि एक उडालेलं टिन

चैत्र लागला की मला येणाऱ्या पत्रांतल्या भिंती नाहीशा होतात. पावसाळ्याच्या तोंडावर गळकी छतं असतात, दिवाळीआधी चुना-रंग, थंडीत न लागणारी दारं. एप्रिल-मेमध्ये मात्र चार खांब आणि वर काहीतरी, एवढंच सगळ्यांना हवं असतं. लग्नाचा मांडव, वावरातलं मचाण, ढोरांचा कोठा, रस्त्याकडेची छपरी. या वेळी एका ताईंनी तर थेट गझेबो मागितला आहे, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून. नव्या वाचकांना एवढं सांगतो की मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो, आता वर्धा जिल्ह्यात माझ्या गावी असतो, आणि माझ्या स्वतःच्या हातच्या उडालेल्या छपराची गोष्ट पुढं येतेच आहे.

भाऊ, नमस्कार. आमची संत्र्याची बाग वरूडच्या रस्त्याला लागून आहे. धुऱ्याजवळ आठ-दहा माणसं बसतील असा गझेबो बांधायचा आहे. बहाराच्या दिवसांत तिथं संत्री विकता येतील, एरवी आम्हाला बसायला. मुलानं एका रिसॉर्टमध्ये आठ कोनांचा पाहिला, त्याला तसाच हवा. वेल्डिंगवाला म्हणतो, चार पाईप रोवू, वर टिन टाकू, दोन दिवसांचं काम. जमीन काळी, भारी आहे. काय करावं?
*एक बागायतदार भगिनी, ता. मोर्शी*

ताई, आधी त्या शब्दाचं बघू. गझेबो हा इंग्रजीत अठराव्या शतकाच्या मध्यावर आलेला शब्द. बघणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला कुणीतरी गमतीनं लॅटिनची शेपटी जोडली आणि ‘मी बघेन’ असा काहीसा शब्द झाला, असं मानतात. साहेब लोकांच्या मोठ्या बागा, त्यात उंचवट्यावर हे बांधायचं आणि आत बसून बाग बघायची. तुम्हाला बाग बघायची नाही, विकायची आहे. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, सावलीत येतं, एक संत्रं सोलून खातं आणि डझनभर घेऊन जातं. त्याला आठ कोनांशी घेणंदेणं नसतं.

आठ कोन म्हणजे आठ कोनवासे, कोपऱ्यातून शेंड्याकडं जाणारे वासे. प्रत्येकाचा काप तिरपा, आणि ते सगळे वर एका बिंदूत आणून बसवायचे. टिन त्रिकोणी कापावं लागतं, उरलेले तुकडे भंगारात, आणि आठही सांध्यांतून दोन पावसाळ्यांनी पाणी झिरपायला लागतं. मी वर्गात पोरांना आठ कोनांचं छप्पर करायला लावायचो, पण हात बसावा म्हणून. तुम्ही साधं दहा बाय चौदाचं दुपाखी छप्पर करा. मुलगा रुसला तर त्याला समोरच्या बाजूला जाळीदार पट्टी लावू द्या, हौस फिटेल.

आता वेल्डिंगवाल्याचं ‘चार पाईप रोवू’. इथं मला माझीच गोष्ट सांगावी लागते. नोकरी लागून चारेक वर्षं झाली होती. घरच्या अंगणात कामाच्या बाकासाठी छपरी उभी केली. सागाचे चार खांब, दोन-दोन हात गाडलेले, माती सबलीनं ठोकून घेतलेली. वर टिन, खिळ्यांनी मारलेलं. सांधे असे की सूत आत जाणार नाही. स्वतःवरच खूश होतो. मे महिन्यात एका दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ पिवळं झालं, धूळ उठली, आणि वावधन सुरू झालं. मी ओसरीतून बघत होतो. छप्पर हाललं नाही, करकरलं नाही. दाढ उपटावी तसं दोन खांबांसकट सरळ वर उठलं, अंगणाच्या कुंपणावरून गेलं आणि शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीवर जाऊन बसलं. शेजारी दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मास्तर, झाकण बरोब्बर बसलं आहे, आता पावसाळाभर काढू नका.’ आमच्या बाबांनी खड्ड्यात डोकावून एवढंच विचारलं, ‘पडू नये म्हणून चार खांब देल्ले, उडू नये म्हणून काय देल्लं?’

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. भिंती असलेल्या घरात वारा बाहेरून आपटतो आणि बाजूनं निघून जातो. उघड्या छपरीत तो आत शिरतो, छपराला खालून ढकलतो, आणि वरून जाणारा वारा त्याच छपराला वर ओढतो. हिशेब सोपा आहे. दहा बाय दहाच्या छपराचं टिन पंचेचाळीस किलोच्या आसपास भरतं. ताशी शंभर किलोमीटरचा वारा आला तर त्या छपराला वर उचलणारा जोर चारशे किलोच्या घरात जातो. आणि शंभर म्हणजे काही फार नाही. बांधकामाच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. त्या वेगाला हाच जोर हजार किलोच्या पुढं जातो. वेग दीडपट झाला की जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो.

म्हणून तुमचा पैसा वर नाही, खाली घाला. प्रत्येक खांबाला दीड फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट खोल काँक्रीटचा ठोकळा. रेती, गिट्टी, सिमेंटचा असा एक ठोकळा पावणेचारशे किलोचा होतो, चार झाले की दीड टन. पाईप त्यात नुसता खुपसू नका. ओल्या काँक्रीटमध्ये बोल्ट सोडा, त्यावर बेस प्लेट कसा, म्हणजे पाईपाचं बूड मातीत गंजणार नाही.

पण तुमची जमीन काळी आहे, तिथं आणखी एक भानगड. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि मे महिन्यात तिला पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. त्या मातीवर टेकवलेला ठोकळा दरवर्षी थोडा वर, थोडा खाली, थोडा बाजूला होत राहतो, आणि तीन वर्षांनी छपरी रस्त्याकडं वाकून बघायला लागते. तेव्हा मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल तर चार फूट खणून खालचा दीड फूट मुरूम आणि रेती थराथरानं पाणी मारून ठोका, वर ठोकळा. जोतं एक फूट उंच घ्या आणि भोवती तीन फुटांची मुरमाची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. पावसाचं पाणी ठोकळ्यापाशी पोचलंच नाही तर माती फुगणार कशानं?

टिनाला खिळे नकोत. जे-बोल्ट आणि वॉशर, आणि कडेच्या ओळीत एक नळी सोडून एक. वारा पहिला हात कडेलाच घालतो. खांब आणि आडव्या पाईपाच्या कोपऱ्यात तिरपा अँगल मारायला सांगा. वेल्डिंगवाला ‘गरज नाही’ म्हणेल, तरी मारायला लावा. उतार पाच फुटाला एक फूट पुरे. वळचण सगळीकडून दोन फूट बाहेर, पश्चिमेला तीन. आणि ती फार उंच ठेवू नका, साडेसात फूट बस. वर्ध्याकडं येणं झालं तर सेवाग्रामला आदि निवास आणि बापू कुटीच्या ओसऱ्या नुसत्या उभं राहून बघा. गांधीजी तिथं 1936 साली आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव 1940 सालचं. जवळपास मिळालं ते सामान, आणि वळचण इतकी खाली की दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत येतच नाही.

टिनाऐवजी कवेलू? मला विचाराल तर कवेलूसारखी सावली नाही. इंग्रजी कवेलूचं छप्पर चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो भरतं, त्यामुळं वाऱ्याला सहजी दाद देत नाही आणि फटींतून हवाही खेळते. पण संत्र्याच्या बागेत वानरं असणार. वानरांचं एक खांड एकदा छपरावरून गेलं की दहा कवेलू फुटलेच. आमच्याकडं अर्धी गावं टिनावर गेली ती वानरांपायी. कवेलू शाकारणारी माणसंही आता शोधावी लागतात. तेव्हा टिनच टाका, खाली एक फूट जागा सोडून बुरडाकडून विणून आणलेल्या ताट्या बांधा. का ते पुढच्या एका उत्तरात आहे.

आणि हो, रस्त्याची हद्द कुठपर्यंत आहे ते आधी मोजून घ्या. रस्ता रुंद होताना पहिली जाते ती छपरी.

सर, घरामागच्या बेटातला बांबू कापून अंगणात मांडव घातला. सहा महिन्यांत बांबूंतून पिठासारखी भुकटी गळायला लागली, सकाळी उठलं की खाटेवर पिवळा थर. बांबूच खराब होता का? पुढच्या वेळी काय करू? सागाचे खांब घ्यावेत का?
*एक वाचक, वडसा*

बांबू चांगला होता, तुम्ही त्याला उपाशी न ठेवता कापलात. बांबूत पिष्ट असतं, आणि भुंगा येतो तो त्याच्यासाठी. कोंब फुटायच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या आगेमागे, बांबूच्या अंगात हे अन्न भरपूर असतं. कापणी थंडीत करा. तीन-चार वर्षांचा बांबूच घ्या. कोवळ्यावर पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली सालपटं असतात, जून बांबूवर बुरशीचे डाग पडलेले असतात आणि बोटानं वाजवला तर आवाज टणक येतो. जुनी माणसं अंधाऱ्या पाखात कापा म्हणायची. मीही तसंच कापतो, बाबा कापायचे म्हणून.

कापल्यावर नाल्याच्या वाहत्या पाण्यात तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवा. पिष्ट धुऊन जातं. पाणी असं घाण वास मारतं की घरचे तुम्हाला आठ दिवस जेवायला बाहेर बसवतील, पण तो वास म्हणजेच भुंग्याचं जेवण वाहून चाललं. पक्कं काम हवं असेल तर शंभर लिटर पाण्यात दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो बोरॅक्स विरघळवा, लांब सळईनं बांबूच्या आतल्या गाठी फोडा आणि आठवडाभर त्यात बुडवून ठेवा. हे मीठ पावसानं धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराच्या आतल्या बाजूला वापरा आणि मातीत कधीच गाडू नका. तळखड्यावर उभा करा. दगड आणि बांबू यांच्या मध्ये लोखंडी गज असू द्या, नाहीतर माझ्या छपरीसारखं व्हायचं.

खिळा मारू नका. बांबू उभा चिरतो. छिद्र पाडा, बोल्ट टाका, आणि टोक असं कापा की गाठ शेवटी येईल. पोकळ टोकावर वजन आलं की ते चपटतं.

आता सागाचं. स्वतःच्या वावरातला साग तोडायलाही परवानगी लागते. खासगी जागेतल्या बांबूचं तसं राहिलेलं नाही. 2017 साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. तुमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावानं 2011 साली बांबू विकण्याचा हक्क मिळवला, ते तर तुम्ही जाणताच. तुम्ही बांबूच्या मुलखात बसून सागाचे खांब विकत घेणार, हे मला पटत नाही. काम शिकायचंच असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. एकदा जाऊन या. तिथली बांबूची कामं बघून आलात की खिळे घरात ठेवावेसेही वाटणार नाहीत.

दोडक्याचा मांडव किती उंच असावा?
*एक वाचक, ता. सेलू*

घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यापेक्षा अर्धा हात वर. साधारण साडेसहा फूट. दोडके खाली लोंबतात, आणि तोडणारी बाई उंच नसते, तेव्हा यापेक्षा वर नेऊ नका. वजन वेलाचं नसतं, पावसात भिजलेल्या पानांचं असतं. म्हणून मधली तार कडेच्या तारेपेक्षा जाड घ्या.

भाऊ, मुलीचं लग्न वैशाखात आहे. डेकोरेशनवाला चारही बाजूंनी कापड लावलेला बंद मंडप आणि आठ मोठे कूलर घ्या म्हणतो. सासऱ्यांचा हट्ट आहे की अंगणात जांभळीचा हिरवा मांडव पाहिजे. दोन्ही करायची ऐपत नाही. काय ठेवू?
*एक वाचक, ता. दिग्रस*

सासऱ्यांचं ऐका. मी म्हातारा झालो म्हणून म्हाताऱ्याची बाजू घेतो असं नाही. कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. ती ओली हवा बाहेर जायला वाट लागते. चारही बाजूंनी कापड ओढलं, आत पाचशे माणसं बसवली आणि आठ कूलर लावले की अर्ध्या तासात आत खारका उकडतील. नवरदेवाचा फेटा गळ्यात येतो. कापड लावायचंच असेल तर फक्त पश्चिमेला लावा, आणि कूलर त्याच बाजूनं आत तोंड करून ठेवा. पूर्वेची बाजू पूर्ण उघडी. वैशाखात वारा पश्चिमेकडून वाहतो, तो ओली हवा पुढं ढकलत नेईल.

जांभळीच्या मांडवात एक शहाणपण आहे. तिचं पान जाड, आणि तोडल्यावरही दोन-तीन दिवस फांदीला धरून राहतं. निंबाची डहाळी दुसऱ्या दिवशी पंगतीत पानं गाळायला लागते. लहानपणी आम्ही मांडवाची गाडी आणायला जायचो. बैलगाडी, पुढं डफडं, आणि परत येताना गाडीवर एवढा पाला की बैलांची शिंगंच दिसायची. फांद्या तोडायला झाडावर चढणाऱ्याला आधी गूळ-पाणी द्यायचे. शाळेतल्या पोरांना मांडवाची गाडी म्हणजे हक्काची सुट्टी, मास्तरही विचारायचे नाहीत.

तिसऱ्या दिवसापासून मात्र तो पाला वाळतो, आणि मग काडीपेटीची काडी पुरते. तेव्हा आचाऱ्याची चूल मांडवाच्या पूर्वेला, चांगली पन्नास पावलं लांब. ठिणगी उडाली तर वारा तिला मांडवापासून दूर नेईल. बाहेर पडायला दोन वाटा ठेवा, आणि दोन्हींच्या तोंडाशी मोटरसायकली लावू देऊ नका. यासाठी एक काठीवाला मामा नेमा, प्रत्येक लग्नात असा एक मामा असतोच. वायरिंग करणाऱ्याला सांगा, उघडे जोड नकोत, आणि लोखंडी पाईपाला वायर गुंडाळलेली चालणार नाही. गळती झाल्यावर लाईन आपोआप तोडणारा स्विच बसवायला लावा. अवकाळी पावसाचा एक शिंतोडा आणि एक सोललेली वायर, यानं मांडव रडवले आहेत.

कूलरचे वाचलेले पैसे मुलीला द्या.

काका, ढोरांचा कोठा टिनाचा केला, उघडाच आहे, तरी दुपारी म्हशी जीभ बाहेर काढून धापा टाकतात. टिनावर ग्रीन नेट टाकली, फरक नाही. आठ म्हशी आहेत, कोठा लांबीनं उत्तर-दक्षिण आहे.
*एक पशुपालक, ता. बाळापूर*

तुम्ही रोग शेवटच्या वाक्यात लिहिला आहे. उत्तर-दक्षिण लांबीच्या कोठ्यात सकाळी पूर्वेकडून आणि दुपारी पश्चिमेकडून ऊन थेट आत येतं, छप्पर असून नसल्यासारखं. आमच्या मुलखात कोठा पूर्व-पश्चिम लांब असावा, म्हणजे दोन्ही लांब बाजू सावलीत राहतात. आता पाडून बांधा असं मी म्हणत नाही. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा कूड घाला, खाली दोन फूट आणि वर दीड फूट मोकळं सोडून. ऊन अडेल, हवा अडणार नाही.

दुसरं, टिन. नागपूरला मे 2013 मध्ये 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं, आणि ते होतं सावलीतलं. उन्हात टिन किती तापतं ते त्यावर एकदा भाकरी टाकून बघा. तापलेलं टिन चुलीसारखी धग खाली टाकतं आणि ती थेट म्हशीच्या पाठीवर पडते. वारा असला तरी ही धग थांबत नाही. नेट टिनाला चिकटवून टाकलीत, म्हणून तीही तापली. नेट टिनापासून हातभर वर, दोऱ्यांवर ताणा. किंवा टिनाखाली एक फूट सोडून ताट्या नाहीतर तुराट्यांचा दुसरा थर बांधा. धग ताट्या झेलतात, मधली गरम हवा कडेनं निघून जाते. टिनावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला चुन्याचे दोन हात द्या, थोडं फेविकॉल घालून, नाहीतर पहिल्या अवकाळीनं सगळा चुना म्हशींच्या अंगावर येईल.

एका म्हशीला छपराखाली चार चौरस मीटर जागा धरतात. आठ म्हशींना बत्तीस. तुमचं टिन मोजून बघा, मला वाटतं ते कमी भरणार.

वावरात मचाण बांधलं आहे. रात्री रोही आणि डुकरांच्या मागं जागली असते. वीज चमकायला लागली की खाली उतरून शेजारच्या छपरीत जावं का मचाणावरच थांबावं? छपरीला टिन आहे.
*एक शेतकरी, ता. चिमूर*

दोन्ही ठिकाणी नाही. मोकळ्या वावरात मचाण म्हणजे विजेला दाखवलेलं बोट. उघडी छपरी, टिनाची असो की गवताची, पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. मोहाचं किंवा बाभळीचं झाड तर त्याहून वाईट. पक्कं बंद घर किंवा काच वर केलेली चारचाकी, एवढेच दोन निवारे विजेसाठी खरे.

चमक दिसली की मोजायला लागा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज एक किलोमीटरवर, तीस लागले तर दहा. तीसच्या आत आलं की रोह्यांना पीक खाऊ द्या आणि घर गाठा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं मोबाईल ॲप आहे, ते आजूबाजूला वीज पडत असेल तर कळवतं. जागलीला निघण्याआधी ते बघत चला. तुमचा भाग ताडोबाच्या शेजारचा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जनावरं बघायला माणसं लांबून येतात, पण त्या रात्री आभाळ कोरडं असलं तरच त्यात मजा. तुमची जागली पावसाळ्यात आणि रोजची, तुमच्या मचाणाशी त्याची बरोबरी करू नका.

आमच्या फाट्यावरचा प्रवासी निवारा तीन बाजूंनी भिंतीचा आणि एका बाजूनं उघडा आहे. ती बाजू नेमकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर आत कुणीच बसत नाही, सगळे निवाऱ्याच्या मागं सावलीत उभे राहतात आणि एसटी निघून जाते. गावातली पोरं श्रमदान करायला तयार आहेत. तिथंच पाणपोईही लावायची आहे.
*एक निवृत्त शिक्षिका, ता. दारव्हा*

बाई, असा निवारा मी एक नाही, डझनभर पाहिले. नकाशा एकच असतो. तो रस्त्याच्या ज्या बाजूला बसवला त्या बाजूला तोंड करून बसतो, सूर्य कुठं आहे हे नकाशाला ठाऊक नसतं. बांधून गेलेल्याला दुपारी तीनला तिथं बसवायला हवं होतं, पण ते आपल्या हातात नाही.

भिंत पाडू नका. ती सरकारी आहे आणि पाडायला पाच मिनिटं लागली तरी त्यानंतरची पाच वर्षं कागद फिरतात. ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन दोन कामं करा. उघड्या बाजूला, छपराच्या कडेपासून चार फूट पुढं, बांबूचे तीन खांब तळखड्यावर उभे करा, आणि त्यांच्यावर ताटीचा उतरता पाखा टाका, कडा जमिनीपासून साडेपाच फुटांवर येईल असा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत ऊन जात नाही, आणि त्यानं वाकून बघितलं की येणारी एसटी त्याला दिसते. हा पाखाही बांधून घ्या. वारा त्याच्याही खालूनच शिरणार आहे.

पाणपोईचे रांजण उत्तरेकडच्या भिंतीला, रेतीच्या ओट्यावर, ओली गोणपाटं गुंडाळून. भोवती वाळ्याची ताटी मिळाली तर उत्तमच. आमच्या कोरड्या उन्हात ओल्या वाळ्यासारखं काही नाही, आणि जूनमध्ये पाऊस आला की तीच ताटी काढून ठेवायची, कारण दमट हवेत ती नुसता वास देते. ओगराळं लांब दांड्याचं ठेवा म्हणजे हात पाण्यात जाणार नाही.

जागा नेमकी कुठं, असं पोरांनी विचारलं तर त्यांना सांगा, दुपारी दोन वाजता जाऊन बघा, फाट्यावरची गाय कुठं बसली आहे. आसपासची सगळ्यात थंड जागा तिनं आधीच हेरलेली असते. रांजण तिच्या शेजारी मांडा. शेण तेवढं आधी उचला.